दुःखी माणसाकडे ईमानाचा हिशोब मागू नका: इमाम आणि खतीब हजरात यांना खुले पत्र

आदरणीय इमाम साहेब, खतीब आणि दर जुम्याला मिंबरावरून (मशिदीतल्या व्यासपीठावरून) आमच्याशी बोलणारे सर्व उलेमा हजरात,

अस्सलामु अलैकुम व रहमतुल्लाहि व बरकातुहू.

मी समुपदेशनाचं काम करतो आणि आपल्यामागे नमाज पढतो. या दोन्ही नात्यांनी हे पत्र लिहितो आहे. माझ्यासमोर येऊन बसणाऱ्यांत पाच वक्तचे नमाजी असतात, तहज्जुदला (मध्यरात्रीनंतरच्या नमाजला) उठणारे असतात, कुराण पाठ असलेले हाफिजही असतात. झोप उडालीय, भूक मेलीय, कशातच जीव रमत नाही, हे सांगण्याआधी त्यांच्यातले बरेच जण एक कबुली देतात: "मला असं व्हायलाच नको होतं. माझंच ईमान कमजोर असणार." हे कोणी सांगितलं, असं विचारलं की बहुतेक वेळा उत्तर येतं, बयानात (प्रवचनात) ऐकलं. 'ज्याच्या दिलात अल्लाह आहे त्याला डिप्रेशन होत नाही.' 'नमाज सुटली म्हणून सुकून गेला.' 'मोमिन कधी निराश नसतो.'

ही वाक्यं मिंबरावरून बंद व्हावीत, एवढी एकच मागणी घेऊन मी आलो आहे. ती दीनच्या, म्हणजे आपल्या धर्माच्या, विरोधात जाऊन करत नाही. माझी खात्री आहे की ही वाक्यं दीनमध्येच बसत नाहीत.

आधी जे मला मान्य आहे ते सांगतो, म्हणजे गैरसमज नको. इबादत आणि समाधान यांचं नातं खरं आहे. 'अल्लाहच्या स्मरणानेच हृदयांना शांती लाभते' ही कुराणातल्या सूरह रअदची आयत (वचन) मी अनेकांच्या चेहऱ्यावर उतरलेली पाहिली आहे. संशोधकही बऱ्याच अंशी तिथेच पोहोचले आहेत. हबीब तिलिउईन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्जीरियात 2,900 हून अधिक मुस्लिमांचा अभ्यास केला आणि तो 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. धार्मिकता जास्त तिथे जीवनाबद्दलचं समाधान जास्त, असं त्यात स्पष्ट दिसलं. त्यांनी धार्मिकतेचे दोन पदर वेगळे मोजले होते. एक नमाज-रोजासारखं आचरण, आणि दुसरा दीनच्या प्रेरणेने इतरांसाठी काही करणं. इजिप्तचे मानसशास्त्रज्ञ अहमद अब्देल-खालेक यांनी कुवेत, इजिप्त आणि इतर अरब देशांत वर्षानुवर्षं हाच प्रश्न विचारला. तुम्ही स्वतःला 0 ते 10 मध्ये किती धार्मिक समजता, आणि किती आनंदी? दोन्ही आकडे पुन्हा पुन्हा एकत्र वर गेले.

मला सर्वांत विचार करायला लावणारा अभ्यास मात्र रमजानचा आहे. फिलिप कँपांते आणि डेव्हिड यानागिझावा-ड्रॉट या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तो 2015 मध्ये मांडला. त्यांची युक्ती साधी होती. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे 11 दिवसांनी लहान, त्यामुळे रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो. विषुववृत्ताजवळच्या देशात रोजाची लांबी वर्षानुवर्षं जवळपास तेवढीच राहते. दूरच्या देशात मात्र उन्हाळ्यात रमजान आला की रोजा कितीतरी तास लांबतो, हिवाळ्यात आला की आखडतो. कोण किती तास रोजा धरणार हे इथे माणूस ठरवत नाही, सूर्य आणि चंद्र ठरवतात. म्हणून कष्ट वाढले की काय होतं, हे स्वच्छ दिसू शकतं. त्यांना आढळलं ते असं की लांब रोजांच्या वर्षांत मुस्लिम देशांची आर्थिक वाढ मंदावते, आणि त्याच वेळी लोकांनी सांगितलेलं समाधान वाढतं. कमाई कमी, कष्ट जास्त, तरी मन जास्त भरलेलं.

आरामाने समाधान येतं असं मानणाऱ्या जगाला हा मोठा धक्का आहे, आणि एक रोजेदार म्हणून मला त्याचं आश्चर्य वाटत नाही. मगरिबच्या अजानला संपूर्ण मोहल्ला एकाच क्षणी खजुराकडे हात नेतो, तेव्हा आपण कोणाचे तरी आहोत ही भावना दिवसभराच्या तहानेपेक्षा मोठी होते. अशा गोष्टी मिंबरावरून जरूर सांगा. मलाही त्या ऐकायला आवडतात.

पण त्यातून पुढची उडी मारू नका. संपूर्ण देशाची सरासरी वर गेली म्हणजे तुमच्यासमोर बसलेल्या प्रत्येकाचं समाधान वाढलं, असं होत नाही. सरासरीच्या आत असेही असतात ज्यांचा तो महिना रडण्यात गेला.

2019 मध्ये जर्मनीतल्या मानहाइम विद्यापीठाच्या लॉरा मारी एडिंगर-शोन्स यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 67,000 हून अधिक लोकांना विचारलेले प्रश्न होते. त्यानंतर 'मुस्लिम जगात सर्वांत समाधानी, विज्ञानानेही मान्य केलं' अशा आशयाचे संदेश किती फिरले, हे आपण पाहिलंच असेल. काही बयानांतही ते आले. अभ्यासात प्रत्यक्षात मोजली होती ती एकत्वाची भावना, म्हणजे सगळं काही एका धाग्यात गुंफलेलं आहे, आपण त्या एकाचा भाग आहोत, असं वाटणं. ही भावना ज्यांच्यात जास्त ते पुढे आयुष्याबद्दल जास्त समाधानी आढळले, आणि माणूस कुठल्या धर्माचा हे वेगळं काढूनही हे नातं टिकलं. एकत्वाच्या भावनेत मुस्लिमांची सरासरी सर्वांत वर होती, हे खरं. तौहीद, म्हणजे अल्लाहचं एकत्व, मानणाऱ्यांना त्यात आनंद वाटावा, हेही योग्यच. पण हा अभ्यास 'मुस्लिम आहेस म्हणजे समाधानी असायलाच हवंस' असं कुठेही म्हणत नाही. तो जर्मनीतल्या लोकांवरचा होता आणि त्यात नमाज-रोजाचा हिशोब नव्हता. ज्या बातमीने एखाद्या उदास मुलीला आपण विज्ञानाच्या दृष्टीनेही नापास आहोत असं वाटेल, ती बातमी बयानात वापरण्याआधी दोनदा वाचावी, एवढी विनंती.

आता हे समाधान मोजतात कसं, ते जरा जवळून पाहू, कारण आपल्या समाजात त्या मोजण्यातच एक गाठ आहे. मानसशास्त्रज्ञ एड डीनर आणि सहकाऱ्यांनी 1985 मध्ये तयार केलेली पाच वाक्यांची पट्टी जगभर वापरतात. प्रत्येक वाक्याला 1 ते 7 गुण, एकूण कमीत कमी 5, जास्तीत जास्त 35. तिसरं वाक्य सरळ आहे: मी माझ्या आयुष्याबद्दल समाधानी आहे. एकदा एक वयस्कर गृहस्थ माझ्यासमोर ही पट्टी भरत होते. पहिल्या दोन वाक्यांना त्यांनी 2 आणि 2 दिले. तिसऱ्यापाशी पेन थांबला. बराच वेळ ते कागदाकडे बघत राहिले, मग 7 वर गोल केला. मी विचारलं तर हळू आवाजात म्हणाले, "इथे कमी लिहिलं तर अल्लाहला काय तोंड दाखवू? त्याने काय कमी दिलंय?" त्याआधी अर्धा तास ते मला सांगत होते की सकाळी डोळे उघडले की पहिला विचार येतो, आजही उघडले का.

हा माणूस खोटं बोलत नव्हता. आपल्याकडे 'कसे आहात' याला 'अल्हम्दुलिल्लाह' हे उत्तर आहे, आणि ते सुंदर आहे. पण आपण शुक्र (कृतज्ञता) आणि दुखणं यांना एकमेकांचे वैरी करून ठेवलंय. दुखतंय म्हटलं की नाशुक्री झाली. मग माणूस कागदावर 7 लिहितो आणि घरी जाऊन उशीत तोंड खुपसतो. त्या 7 च्या आधारावर कोणी उद्या म्हणेल की धार्मिक माणसं समाधानी असतात.

दुसरी गाठ दिशेची. नमाज सुटली म्हणून मन गेलं, असं आपण सहज म्हणतो. माझ्या कामात मी बहुतेक वेळा उलटं पाहतो. उदासीनतेच्या आजारात अनेकांना सकाळ सर्वांत जड असते. अंग बिछान्यातून उचलत नाही, वुजूचं पाणी डोंगरासारखं वाटतं, आयत अर्ध्यात विसरते. म्हणजे आजार सर्वांत आधी फजर (पहाटेची नमाज) हिरावून नेतो. नंतर जमात (सर्वांसोबतची नमाज), मग लोकांत मिसळणं. आणि याच आजाराचं एक लक्षण म्हणजे अकारण अपराधी वाटणं. ज्याला आधीच स्वतःचा प्रत्येक श्वास गुन्हा वाटतोय, त्याला आपण समोर बसवून सांगतो की हे तुझ्या गुनाहांमुळे आहे. तो लगेच मानतो, इथेच तर खरा धोका आहे. त्याला दुसऱ्या कोणाच्याही बोलण्यापेक्षा ते बोलणं खरं वाटतं.

एड डीनर, लुईस टे आणि डेव्हिड मायर्स यांनी 2011 मध्ये जगभरातल्या देशांची आकडेवारी पाहून आणखी एक गोष्ट दाखवली. जिथे जगणं कठीण आहे, भूक आणि असुरक्षितता आहे, तिथे धार्मिक लोक इतरांपेक्षा बरेच समाधानी दिसतात. जिथे सुबत्ता आहे आणि धार्मिकता मुळात कमी आहे, तिथे हा फरक जवळपास विरतो. जिथे फरक दिसतो तिथे त्याच्यामागे मोठ्या प्रमाणात तीन गोष्टी सापडतात: आधार देणारी माणसं, मिळणारा मान, आणि आयुष्याला अर्थ आहे ही जाणीव. इमाम साहेब, यातल्या पहिल्या दोन गोष्टी तर जमातीच्या हातात आहेत! एखाद्याला मशिदीत मान मिळत नसेल, त्याची विचारपूस होत नसेल, तर त्याच्या वाट्याच्या समाधानातला मोठा भाग आपणच अडवून धरला आहे. आणि ज्या बहिणींना मशिदीत जागाच नाही, त्यांचं काय म्हणावं? त्यांना 'इबादतीत सुकून आहे' सांगताना इबादतीतला सोबतीचा भाग त्यांच्यापासून बंद ठेवलाय, याचा विचार कोणी करायचा?

आता कुराणाकडे येतो. तिथे मी आपल्यापुढे विद्यार्थीच आहे. तरी जे वाचून मला धीर आला ते मांडतो.

सूरह बकरामध्ये हजरत इब्राहीम अलैहिस्सलाम अल्लाहला विनवतात, तू मेलेल्यांना जिवंत कसं करतोस ते मला दाखव. अल्लाह विचारतो, तुझा ईमान नाही का? ते म्हणतात, आहे, पण माझ्या मनाचं समाधान व्हावं म्हणून. खलीलुल्लाहच्या, अल्लाहच्या या मित्राच्या, हृदयात पूर्ण ईमान होतं आणि तरी मनाला काहीतरी हवं होतं. या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे कुराण स्वतःच दाखवतं. आणि अल्लाहने त्यांना रागावलं नाही. चार पक्षी घ्यायला सांगितले.

हजरत याकूब अलैहिस्सलाम मुलाच्या विरहात एवढे झुरले की डोळे पांढरे पडले. घरचे म्हणाले, तुम्ही यूसुफची आठवण काढत काढत स्वतःला संपवून घ्याल. त्यावर त्यांचं उत्तर होतं की मी माझ्या दुःखाची तक्रार अल्लाहकडेच करतो. ज्या सब्राला (धीराला) आपण 'सुंदर सब्र' म्हणतो, तो याच अश्रूंसकट होता. ईसा अलैहिस्सलाम यांच्या आई हजरत मरियम प्रसववेदनेत म्हणाल्या, याआधीच मी मेले असते तर! त्या क्षणी त्यांना कोणी ईमानाचं पुस्तक वाचून दाखवलं नाही. त्यांना खालून झरा आणि डोक्यावरून ताजे खजूर मिळाले. खा, पी, डोळे थंड कर, असं सांगितलं गेलं. पैगंबरांच्या पत्नी हजरत खदीजा आणि चुलते अबू तालिब गेले त्या वर्षाला आपली परंपरा दुःखाचं वर्ष म्हणते. आणि आपल्या मुलाच्या, बाळ इब्राहीमच्या, मृत्यूच्या वेळी रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांच्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा ते म्हणाले की डोळे वाहतात, हृदय दुःखी होतं, आणि आम्ही तेच बोलतो जे रबला आवडेल.

पैगंबरांचे साथीदार हंजला रजि. यांची हदीस तर मला माझ्या कामाचा पाया वाटते. ते रसूलुल्लाहांचे लेखनिक. एक दिवस हजरत अबू बक्र भेटले तेव्हा ते म्हणाले, हंजला मुनाफिक (ढोंगी) झाला. का? तर नबींजवळ असताना जन्नत-जहन्नम डोळ्यांसमोर असल्यासारखी वाटते आणि घरी बायकामुलांत, कामधंद्यात गेलं की बरंच विसरायला होतं. अबू बक्र म्हणाले, असं तर माझंही होतं. दोघे नबींकडे गेले. उत्तर मिळालं की तुम्ही कायम त्याच अवस्थेत राहिलात तर फरिश्ते तुमच्या बिछान्यावर आणि रस्त्यांत तुमच्याशी हस्तांदोलन करतील, पण हंजला, कधी असं, कधी तसं. सूफी मंडळींनी याच चढउताराला कब्ज (मन आकसणं) आणि बस्त (मन मोकळं होणं) म्हणून ओळखलं. मन आकसण्याचा काळही वाटेचाच भाग असतो, असं ते शिष्याला सांगत.

मग आपण आजच्या मुलाला कायम बस्तमध्ये राहायला का सांगतो?

सूरह हजमधली एक आयत तर मिंबरावरच्या या हमीला थेट लागू पडते. काही लोक काठावर उभं राहून अल्लाहची इबादत करतात. भलं झालं तर निश्चिंत होतात आणि परीक्षा आली तर पाठ फिरवतात. 'नमाज पढ, मन शांत होईल' एवढंच शिकवलेला मुलगा अशाच काठावर उभा राहतो. महिनाभर पढूनही छातीवरचा दगड हलला नाही, की तो दोनच निष्कर्ष काढू शकतो. नमाज खोटी, किंवा मी नालायक. माझ्याकडे दोन्ही प्रकारची मुलं येतात. पहिली दीनपासून दूर जातात, दुसरी जगण्यापासून.

हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी अनेक वर्षं हेच अभ्यासलं की संकटात धर्म माणसाला कधी सावरतो आणि कधी आणखी खचवतो. देव सोबत आहे, यातून मार्ग दाखवेल, असं मानणारा सावरतो. देवाने टाकून दिलं, तो शिक्षा देतोय, असं मानणाऱ्याचा त्रास वाढतो. मुस्लिमांसाठी खास पट्टी हिशाम अबू-रैया यांनी पार्गामेंट आणि सहकाऱ्यांबरोबर तयार केली. ती 2008 मध्ये आली. त्यातही श्रद्धा आणि अल्लाहवरचा भरवसा चांगल्या मनःस्थितीशी जोडलेले दिसले, आणि दीनबद्दलची आतली ओढाताण वाईट मनःस्थितीशी. म्हणजे किती पढता यासोबत, ज्याच्यापुढे झुकता तो तुमच्याकडे कसा पाहतो असं तुम्हाला वाटतं, हेही तितकंच महत्त्वाचं ठरतं. आणि हे चित्र मनात कोण रंगवतं? घरी आईबाप, आणि मशिदीत तुम्ही.

एक ताई आठवतात. बाळ पोटातच गेलं होतं. चाळिसावाही झाला नसेल, तोवर कोणीतरी सांत्वन म्हणून सांगितलं की गरोदरपणात नमाजा कजा झाल्या (सुटल्या) असतील, तौबा कर. त्यांनी तौबा केली. रोज, तासन्‌तास. सजद्यात जाऊन त्या बाळाची माफी मागायच्या. आपल्या नमाजांमुळे ते गेलं, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. ज्या सजद्यात त्यांना आसरा मिळायला हवा होता तिथेच रोज कोर्ट भरत होतं. त्यांना पुन्हा रडता यावं, नुसतं रडता यावं, याला फार वेळ लागला.

वसवशाचंही (मनात पुन्हा पुन्हा येणाऱ्या शंकेचंही) तसंच. वुजू झाला की नाही याची खात्री पटत नाही म्हणून पुन्हा पुन्हा हात धुणारे, बोटांच्या बेचक्यांत कातडी फाटलेली, तकबीर म्हणून (नमाज सुरू करून) पुन्हा नियत सोडणारे. हा आजार आहे, यावर उपचार आहेत. ओसीडी म्हणतात त्याला. अशा माणसाला 'तहारतीत (शुद्धतेत) आणखी काळजी घे' म्हटलं की त्याच्या आजाराला खतपाणी मिळतं. आपल्या फिकहमध्येच (धर्मशास्त्रातच) वसवशाकडे दुर्लक्ष करण्याचा सल्ला किती जुना आहे, हे आपण माझ्याहून चांगलं जाणता. तो मोठ्याने सांगा.

रोजाबाबत एक नाजूक गोष्ट आहे, ती स्पष्टच लिहितो. बायपोलर आजारासाठी अनेकांना लिथियम सुरू असतं. शरीरातलं पाणी कमी झालं की त्याचं रक्तातलं प्रमाण वाढून विषबाधेपर्यंत जाऊ शकतं. असा रुग्ण लाजेखातर कोणाला न सांगता गोळी बंद करतो किंवा गोळी घेऊन दिवसभर कोरडा राहतो. दोन्ही जिवावर बेतू शकतं. 'आजारी असाल किंवा प्रवासात असाल तर इतर दिवसांत भरून काढा' ही आयत फक्त ताप आणि मधुमेहासाठी उतरलेली नाही. रमजानच्या आधीच्या जुम्याला एवढं एक वाक्य बोला की मनाचा आजार हाही आजार आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करू नका. आपल्या तोंडून आलेलं हे वाक्य माझ्या शंभर बैठकांपेक्षा जास्त काम करेल.

आणि ज्या गोष्टीवर आपण बोलायचंच टाळतो तीही इथे येते. आत्महत्या हराम आहे, ही शिकवण अनेकांना खरोखर थांबवते. मी ते डोळ्यांनी पाहिलंय. पण त्यावर विसंबून राहता येत नाही. अमेरिकेत 2021 मध्ये स्टॅनफर्डच्या रानिया अवाद आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या पाहणीत जवळपास 8 टक्के मुस्लिमांनी आयुष्यात कधीतरी असा प्रयत्न केल्याचं सांगितलं. कॅथलिकांत हे प्रमाण सुमारे 6 टक्के होतं, प्रोटेस्टंटांत 5. धर्मावरून होणारा भेदभाव आणि मदत मागण्याची लाज, ही संभाव्य कारणं त्यांनी पुढे केली. पहिलं आपल्या हातात नसेल. दुसरं आहे.

कोणी म्हणेल, हे सगळं पश्चिमेचं खूळ आहे, आपल्या बुजुर्गांना डिप्रेशन माहीतही नव्हतं. माहीत होतं. अबू जैद अल-बल्खी हिजरी तिसऱ्या-चौथ्या शतकातले विद्वान, इसवी सन 934 मध्ये वारले. त्यांनी शरीर आणि मन दोन्हींच्या आरोग्यावर एकत्र लिहिलं आणि दुःखाचे दोन प्रकार सांगितले. एक, ज्याचं कारण माहीत असतं. दुसरा, ज्याला बाहेरून काहीच कारण दिसत नाही, जो शरीरातूनच उगवतो आणि ज्यावर शरीराचाच इलाज लागतो. कैरोत 1284 मध्ये सुलतान कलावूनने उभारलेल्या बीमारिस्तानात (रुग्णालयात) मनोरुग्णांसाठी स्वतंत्र जागा होती. आणि इमाम गजाली? 1095 मध्ये बगदादच्या निजामिया मदरशात शिकवताना त्यांची जीभ अडकली. शब्द फुटेना, घास उतरेना. हकीम आले आणि म्हणाले, दुखणं हृदयातून उतरलंय. ज्यांच्या लेखणीवर आजही आपण बयान करतो, त्यांच्या ईमानाबद्दल कोणी बोट दाखवायचं?

शेवटी मुआज रजि. यांची गोष्ट, कारण ती इमामांबद्दलचीच आहे. इशाच्या (रात्रीच्या) नमाजेत इमाम म्हणून त्यांनी सूरह बकरा, कुराणातली सर्वांत लांब सूरह, सुरू केली. दिवसभर उंटांनी पाणी ओढून थकलेला एक माणूस मागे उभा होता. त्याने जमात सोडली, एकट्याने नमाज उरकली आणि निघून गेला. मुआज यांनी त्याला मुनाफिक म्हटलं. त्या माणसाने नबींकडे जाऊन गाऱ्हाणं केलं. रसूलुल्लाह त्या थकलेल्या माणसावर रागावले नाहीत. मुआज यांना म्हणाले, तू लोकांना फितन्यात (संकटात) टाकतोस का? हे त्यांनी तीनदा विचारलं. मग छोट्या सूरहांची नावं सांगितली, कारण तुझ्यामागे म्हातारे, अशक्त आणि कामाधामाची माणसं उभी असतात. आज आपल्यामागेही असेच लोक उभे आहेत. त्यांच्या थकव्याला कुठलं नाव द्यायचं, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे आहे.

मला याचीही कल्पना आहे की आपल्यातले कित्येक जण स्वतः आतून दमलेले असतात. तुटपुंजा पगार, कमिटीची मर्जी, मुलांच्या शिक्षणाची काळजी, आणि कोणाच्याही घरात मय्यत झाली की तिथे सर्वांत आधी जायचं. मोहल्ल्याची दुःखं आपण ऐकता, आपलं दुःख ऐकणारा कोणी नाही, कारण इमामच खचला तर लोक काय म्हणतील. जे वाक्य आपण मिंबरावरून बोलता, त्याचा पहिला फटका रात्री आपल्यालाच बसत असेल, असं मला अनेकदा वाटतं. आमची दारं आपल्यासाठीही उघडी आहेत, आणि तिथलं बोलणं तिथेच राहतं.

रमजानला अजून वेळ आहे. त्याआधीचा एक खुत्बा (जुम्याचं प्रवचन) आपण या विषयासाठी द्यावा. त्यात याकूब अलैहिस्सलाम यांचे अश्रू असावेत, हंजलांची हदीस असावी, औषधांचं ते एक वाक्य असावं आणि शेवटच्या दुआत, आजाऱ्यांसोबत, मनाने आजारी असलेल्यांचंही नाव घ्यावं. खुत्ब्यानंतर कोणी आपल्याजवळ येऊन जगावंसं वाटत नाही असं म्हणाला, तर त्याला एकट्याने घरी पाठवू नका. त्याच्या घरचं कोणी बोलवून घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांपर्यंत पोहोचवा. दुआ वाटेत करता येते.

मजकूर लिहायला मदत हवी असेल तर मी आणि माझ्यासोबत काम करणाऱ्या दोन डॉक्टर बहिणी असरनंतर (संध्याकाळच्या आधीच्या नमाजनंतर) मशिदीत यायला तयार आहोत. बहिणींना आत बसता येईल अशी जागा मात्र आधी सांगून ठेवा.

वस्सलाम,
आपल्यामागे नमाज पढणारा एक समुपदेशक